घरावरील जुन्या तारा

दसरा जवळ आला कीं आपल्याकडे घरोघर रंगसफेदीची धांदल उडते. रंगारी शिडी लावतो, भिंत खरवडतो, आणि भिंतीवरून गेलेल्या एखाद्या तारेपाशीं आला म्हणजे खालीं पाहून विचारतो, "मालक, ही तार ठेवायची का काढायची?" घरांतल्या कोणालाच त्या तारेची नीटशी माहिती नसते. "राहूं द्या, उगीच हात कशाला लावतां?" असें उत्तर मिळतें, आणि रंगारी तारेवरूनच कुंचला फिरवून पुढें जातो. अशा रीतीनें पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांचे चार चार थर अंगावर घेऊन कित्येक तारा आपल्या दर्शनी भिंतींवर वर्षानुवर्षें पडून आहेत. त्या कोठून आल्या, कोठें जातात, आणि मुख्य म्हणजे त्यांत आज वीज आहे कीं नाहीं, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. या बेवारशी तारा ओळखाव्या कशा व काढाव्या कशा, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

आमच्या बीड शहराच्या जुन्या भागांत, पेठ बीड किंवा धोंडीपुरा येथील एखाद्या अरुंद गल्लींत उभें राहून वर पाहिलें, तर आकाशाच्या पट्टीवर तारांचें दाट जाळें पसरलेलें दिसतें. तें एका दिवसांत विणलेलें नाहीं. प्रत्येक पिढीनें आपल्या सोयीची तार आणली, आणि सोय बदलल्यावर ती तशीच टाकून दिली. विजेचे दिवे प्रथम आले तेव्हांच्या तारांना रबराचें वेष्टन असे व त्यावर सुताची वीण. त्या सागवानी पट्ट्यांवर टाचून बसवीत. मागाहून प्लॅस्टिकच्या वेष्टनाच्या तारा आल्या, पण पुष्कळ ठिकाणीं जुन्या काढल्या गेल्या नाहींत. व्हाल्व्हच्या रेडिओसाठीं माळवदावर दोन बांबूंच्या मध्यें तांब्याची एरियल ताणलेली असे. ट्रान्झिस्टर आला, आणि एरियल कावळ्यांना बसण्यापुरती उरली. टेलिफोन आला आणि मोबाइल आल्यावर कित्येकांनीं तो परत केला. खांबापासून ओसरीपर्यंत आलेली त्याची काळी तार मात्र लोंबतच राहिली. दूरदर्शनच्या ॲल्युमिनियमच्या काड्या आमच्याकडे अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्च्यांवर उभ्या असत. १९९० नंतरच्या दशकांत गल्लोगल्लीं केबल फिरली, पुढें तबकड्या बसल्या, आणि आतां केसासारख्या बारीक कांचतंतूंतून सर्व कांहीं घरांत येऊं लागलें आहे. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं मनोऱ्यांवरचीं प्रक्षेपणें २०२१ सालापर्यंत बहुतेक बंद झालीं. पण त्यांच्यासाठीं ताणलेल्या तारांना निवृत्तीचा हुकूम कोणीं दिला नाहीं.

या तारा दिसावयास कुरूप आहेत, एवढाच त्यांचा दोष असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. माझ्याच घरचा एक प्रसंग सांगतों. आमच्या वाड्याची वाटणी होण्यापूर्वीं मागल्या गोठ्यांत दिवा हवा म्हणून एका खासगी कारागिराकडून चुलत्यांच्या भागांतून एक तार ओढून घेतली होती. पुढें वाटण्या झाल्या, मध्यें भिंत उभी राहिली, आम्हांला निराळें मीटर मिळालें, आणि गोठ्याच्या जागीं पत्र्याची पडवी झाली. कारागिरानें आमच्या बाजूचें टोंक कापलें, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, आणि चांगली मजबूत तार वायां कशाला दवडावी म्हणून ती पडवीच्या कडेनें दोन हुकांना बांधून दिली. तिच्यावर आम्ही वीस वर्षें धुणें वाळत घातलें.

एका आषाढांत सकाळपासून झड लागली होती. आमच्या सौभाग्यवतींनीं ओला पंचा तारेवर टाकला आणि "हाताला मुंग्या आल्या" असें त्या म्हणाल्या. मी शाळेंत मुलांना वीज शिकविलेला मनुष्य. "ती तार केव्हांच मेलेली आहे, तुला भास झाला," असें मीं ठामपणें सांगितलें. इतकेंच नव्हे, तर त्यांची खात्री पटावी म्हणून आमचा मेन स्विच बंद करून दाखविला. त्यांनीं पंच्याला पुन्हां बोट लावलें, तों पुन्हां मुंग्या! तेव्हां कोठें माझें पुस्तकी ज्ञान जागेवर आलें. परवानाधारक वायरमनला बोलाविलें. त्यानें तारेचा माग काढीत काढीत भिंतीपलीकडे जाऊन पाहिलें, तर चुलतभावाच्या खोलींतील कपाटामागें तिचें दुसरें टोंक अद्याप जोडलेलेंच होतें. आमचा स्विच बंद करून शेजारच्या घरची वीज कशी बंद होणार? ज्या तारेला मीं मेलेली म्हणून जाहीर केलें होतें, ती वीस वर्षें जिवंतच होती. आणि तशी खात्री देण्याचें पाप माझ्या हातून घडलें होतें.

मग इतकी वर्षें ती गप्प कशी राहिली, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आमच्या जिल्ह्याच्या हवेंत आहे. येथें वर्षाचे आठ महिने कोरडे असतात. कोरडें वेष्टन व कोरडी लाकडी मेढ यांतून विजेला जमिनीकडे जाण्यास वाट मिळत नाहीं. परंतु प्लॅस्टिकचें वेष्टन उन्हानें कडक होतें, त्याला बारीक भेगा पडतात. पत्र्याच्या धारेवर घासून घासून तें झिजतें. चिकटपट्टी तर दोन उन्हाळ्यांत सुटते. पाऊस पडला म्हणजे त्या भेगांतून पाण्याचा पातळ थर तांब्यापर्यंत पोंचतो, आणि वीज ओल्या कापडांतून, ओल्या हातांतून, ओल्या जमिनींत उतरते. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. साठ वॅटच्या जुन्या दिव्यांतून सुमारें २६० मिलिअँपियर प्रवाह वाहतो. त्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारें ३० मिलिअँपियर प्रवाह छातींतून कांहीं काळ गेला, तरी श्वास अडकण्याचें व हृदयाची लय बिघडण्याचें भय असतें. आमच्या घरीं त्या दिवशीं नुसत्या मुंग्या आल्या, याचें श्रेय उरल्यासुरल्या वेष्टनाला होतें. धुण्याच्या तारेंत वीज उतरून माणसें दगावल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यांत वाचतों; त्यांपैकीं एक बातमी आमच्या घरची झाली असती.

आणि ही केवळ खेड्यापाड्यांतील किंवा पडक्या वाड्यांतील गोष्ट नाहीं. हैदराबादसारख्या मोठ्या शहरांत रामंतापूर भागामध्यें ऑगस्ट २०२५ मध्यें गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीचा रथ वीज उतरलेल्या तारेला लागून पांच माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर तेथील विजेच्या खांबांवर वर्षानुवर्षें सांठलेल्या केबल उतरविण्याची मोहीम धडाक्यानें सुरू झाली. आपण आपल्या घरापुरती ही मोहीम अपघाताच्या आधीं कां करूं नये?

तिचा पहिला नियम असा कीं, तारेच्या अंगाकडे पाहून तिची परीक्षा करूं नये. तिच्या दोन्ही टोंकांपर्यंत जावें. तार जुनी आहे, तिच्यावर रंगाचे थर आहेत, ती तुटून लोंबते आहे, यांतील कोणत्याही गोष्टीवरून ती निर्जीव आहे असें ठरत नाहीं. रंगाचे थर तिचें वय सांगतात, प्रकृति सांगत नाहींत. म्हणून कोरड्या दिवशीं, जमिनीवर उभें राहून, कशालाही हात न लावतां घराभोंवतीं एक फेरी मारावी. मोबाइलनें चारी भिंतींचीं छायाचित्रें घ्यावींत. मग शाळेच्या हजेरीपटासारखा एक कागद आंखावा. प्रत्येक तारेला क्रमांक द्यावा आणि तिच्यापुढें चार रकाने करावे: कोठून आली, कोठें जाते, आज कोण वापरतो, आणि मालकी कोणाची. शेजाऱ्यांना, घरांतील वडील माणसांना विचारून रकाने भरावे. चारही रकाने भरले तर ती तार आपल्याला समजली. एक जरी रकाना कोरा राहिला, किंवा तिचें टोंक भिंतींत शिरून दिसेनासें झालें, तर ती जिवंत आहे असें धरूनच चालावें.

येथें कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, खिशांतला टेस्टर लावला कीं झालें! टेस्टरमधील इवलासा निऑन दिवा आपल्या शरीरांतून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर लागतो. भर उन्हांत तो लागलेला दिसत नाहीं. कोरड्या लाकडी शिडीवर उभें असतांना तो अंधुक लागतो किंवा मुळींच लागत नाहीं. आणि शेजारून जिवंत तार गेली असेल तर निर्जीव तारेवरही कधीं कधीं मिणमिणतो. शिवाय या क्षणीं वीज नसलेली तार तासाभरानें शेजारचा स्विच लागतांच जिवंत होऊं शकते. टेस्टर खोटें बोलतो असें नव्हे. पण त्याची साक्ष त्या एका क्षणापुरती असते.

आतां तारांच्या जाती पाहूं. विजेच्या खांबावरून घरांत येणारी तार सर्वांत जाड; बहुधा ॲल्युमिनियमच्या दोन वेष्टित तारा एका जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेच्या आधारानें येतात आणि लोखंडी नळींतून मीटरकडे उतरतात. जुन्या घरांवर ती चिनी मातीच्या पांढऱ्या रिळांवर बांधलेली दिसते. हिला घरमालकानें कधींही स्पर्श करूं नये. मेन स्विच बंद केल्यानें त्याच्या पुढील वीज बंद होते. खांबापासून मीटरपर्यंतची तार तशीच जिवंत राहते, हें पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही ठाऊक नसतें.

टेलिफोनची तार बारीक, काळी, जोडीनें असणारी, आणि ती भिंतीवरील एका लहान डबींत संपते. चालू टेलिफोनच्या तारेंत सुमारें ५० व्होल्टचा दाब असतो, व घंटी वाजतेवेळीं तो याहून बराच वाढतो. केबलची तार गोल, पेन्सिलीएवढी जाड. मध्यें एक तार, तिच्याभोंवतीं पांढरा फेस, त्यावर चकचकीत पापुद्रा आणि धातूची जाळी, अशी तिची रचना असते. जुन्या अँटेनाची तार बहुधा फितीसारखी चपटी असून तिच्या दोन कडांना दोन तारा असतात. कांचतंतूची तार बारीक व चपटी. तिच्यांत वीज नसते, प्रकाश असतो. पण तो प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असल्यामुळें तुटलेल्या टोंकांत डोकावून पाहूं नये. आणि कांचेचे अदृश्य तुकडे बोटांत शिरतात, म्हणून तो हातानें मोडूंही नये.

टेलिफोन, केबल व कांचतंतू यांच्या तारा स्वभावतः गरीब. पण संगतीनें बिघडतात. केबलची जाळी धातूची आहे, कांचतंतूच्या तारेलाही ताण सोसण्यासाठीं बहुधा पोलादी तारेची जोड असते. या तारा विजेच्या खांबांना बांधलेल्या असतात, विजेच्या तारांना ओलांडून जातात. वाऱ्यानें घासून विजेच्या तारेचें वेष्टन गेलें कीं खांबावरची वीज या मार्गानें थेट आपल्या गच्चीवर येते. म्हणून "ही तर नुसती केबल आहे" हें वाक्य ऐकलें कीं सावध व्हावें.

याच्या उलट एक तार अशी आहे कीं जी अगदीं निरुपयोगी दिसते, पण जिला काढणें म्हणजे घराचा राखणदार हाकलून देणें होय. मीटरपासून किंवा मेन स्विचपासून निघून जोत्याजवळ जमिनींत शिरणारी, वेष्टन नसलेली जस्ती किंवा तांब्याची तार आपण पाहिली असेल. ती कोणताही दिवा लावीत नाहीं, पंखा फिरवीत नाहीं. रंगकामाच्या वेळीं ती आड येते म्हणून कोणी कापतात, कोणी भंगारांत घालतात. ही अर्थिंगची तार होय. इस्त्रीच्या किंवा पाण्याच्या मोटारीच्या लोखंडी अंगांत वीज उतरली, तर तिला माणसाच्या देहाऐवजीं जमिनीची वाट दाखविण्याचें काम ती करते. शाळा, देवळें, उंच इमारती यांवरून उतरणारी तांब्याची पट्टी आकाशांतील विजेसाठीं असते. या दोहोंना हात लावूं नये. उलट अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत अधून मधून पाणी घालीत जावें, कारण कोरडी जमीन विजेला नीट वाट देत नाहीं. सारांश, मेलेली वाटणारी तार जिवंत निघते, आणि फुकटची वाटणारी तार जीव वाचविणारी निघते. म्हणूनच दोन्ही टोंकें पाहावयाचीं.

तार ओळखली, आतां ती काढावी कोणीं? ज्याची तार त्यानें. मीटरपर्यंतची विजेची तार पूर्वीं १९६० सालीं स्थापन झालेल्या वीज मंडळाची असे. २००५ पासून तें काम महावितरणकडे आहे. बंद जोडणीची तार खांबाकडून सोडविण्यासाठीं तेथें लेखी अर्ज द्यावा. तार तुटून लोंबत असेल तर १९१२ या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. मीटरचें सील तोडणें हा २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणें अपराध आहे, तेव्हां तो मोह टाळावा. टेलिफोनची तार टेलिफोन केंद्राची, केबलची केबलवाल्याची. केबलवाल्यानें धंदा बंद केला असला तरी विजेच्या खांबावरील टोंक आपण सोडूं नये. तें लाइनमनचेंच काम. आणि आमच्या घरच्यासारखी मीटरपुढील खासगी तार असेल, तर परवानाधारक वायरमनला बोलावून तिचा उगम शोधून तेथेंच ती सोडवून घ्यावी. नुसतें आपल्या बाजूचें टोंक कापून समाधान मानूं नये. अर्धवट काढलेली तार मुळींच न काढलेल्या तारेपेक्षां वाईट. कारण ती जिवंत असून मेल्याचें सोंग घेते.

मग घरमालकाच्या हातीं उरलें काय? पुष्कळ उरलें. जुन्या अँटेनाची फीत, आपल्याच तबकडीची टाकून दिलेली तार, दारावरच्या जुन्या घंटीची बारीक तार, यांचीं दोन्ही टोंकें मोकळीं दिसत असतील, त्या विजेच्या तारेजवळूनही जात नसतील आणि वायरमननें निर्वाळा दिला असेल, तर त्या आपण स्वतः काढाव्या. कोरडा दिवस, उजेडाची वेळ, लाकडी शिडी आणि खालीं धरावयास एक माणूस, एवढी सिद्धता असावी. ॲल्युमिनियमची शिडी तारांच्या कामाला नकोच. तार मधूनच हिसकूं नये. वरून खालीं एकेक पकड सोडवीत यावें आणि सुटलेली तार वेटोळें करीत जावें. लांब टोंक वाऱ्यावर सोडलें तर तें नेमकें शेजारच्या विजेच्या तारेवर जाऊन पडतें.

जुन्या वाड्यांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या व चुन्याच्या. त्यांत ठोकलेला खिळा ओढला कीं गिलाव्याचा खपला निघतो. म्हणून खिळा आधीं सैल करावा, मग काढावा. लाकडी गिट्टी कुजली असेल तर तीही काढून भोंक साफ करावें. मातीचुन्याच्या भिंतीचीं भोकें चुन्याच्याच गिलाव्यानें भरावींत. सिमेंट तेथें मुरत नाहीं, कडेनें फट सोडतें आणि आंत ओल कोंडून ठेवतें. ज्या भोकांतून तार घरांत जात होती तें बुजविल्यावांचून शिडी उतरूं नये. पावसाचें पाणी, मुंग्या आणि पाली यांची ती राजवाट असते. जी तार ठेवावयाची असेल तिला भोकांत शिरण्यापूर्वीं खालीं एक झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या टोंकावरून गळून पडतें, आंत वाहत नाहीं. रस्ता ओलांडून येणारी तार ताणून उंच करून घ्यावी. साखर कारखान्यांच्या हंगामांत उसानें रचलेली ट्रॉली गल्लींतून जातांना लोंबती तार ओढते, आणि तारेबरोबर भिंतीचा कोपराही नेते.

काढलेल्या तारांचें काय करावें? त्यांतील तांबें, ॲल्युमिनियम भंगारवाला वजनावर घेतो. मोल थोडें मिळालें तरी घ्यावें. पण तांबें मोकळें करण्यासाठीं त्या अंगणांत जाळूं नयेत. प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा धूर छातीला विषारी असतो. आणि कितीही मजबूत दिसली तरी तिची धुण्याची तार करूं नये. धुण्याला नायलॉनची दोरी स्वस्त मिळते.

शेवटीं दोन गोष्टी. घराच्या मुख्य फळ्यावर गळणारी वीज ओळखून आपोआप बंद होणारा स्विच वायरमनकडून अवश्य बसवून घ्यावा. परंतु तो आपल्या मीटरपुढील विजेवरच पहारा करतो, शेजारच्या किंवा खांबावरच्या विजेवर नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. आणि दुर्दैवानें कोणी तारेला चिकटलें, तर धांवत जाऊन त्याला धरूं नये; आधीं वीज बंद करावी, तें न साधलें तर घरांतल्या तारेपासून कोरड्या काठीनें अथवा कोरड्या लाकडी खुर्चीनें त्याला दूर लोटावें, आणि १०८ ला हांक द्यावी. तार रस्त्यावरच्या खांबाची असेल, तर काठीनेंही जवळ जाऊं नये. लोकांना दूर ठेवून वीज बंद करवावी.

आमच्या पडवींत आतां दोरी आहे. त्या जुन्या तारेचा वीतभर तुकडा मीं माझ्या कपाटांत ठेवला आहे. घरांतलें माणूस "हाताला मुंग्या आल्या" म्हणतें, तेव्हां त्याला भास झाला असें म्हणूं नये, एवढें तो तुकडा मला शिकवीत असतो. उद्यां सकाळीं आपण दारांतून बाहेर पडाल, तेव्हां क्षणभर मागें वळून आपल्या भिंतीकडे पाहावें, आणि जी तार आपल्याला ओळख देणार नाहीं तिच्याखालीं निदान मुलांना खेळूं देऊं नये.